रविवारची झोप

नंदे, तुझं गुपित मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तू रागावशील हे माहीत होतं, तरी सांगितलं. तू असतीस तर मी तोंड उघडलं नसतं. पण तू असतीस तर विचारायची वेळच कुणावर आली नसती.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. उस्मानपुऱ्यातल्या तुझ्या त्या पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या, टेबलावर बाबासाहेब आणि बुद्धांच्या प्रतिमेशेजारी तुझा फोटो. तो फोटो कुठला सांगू? कंपनीच्या ओळखपत्रावरचा. मोठा करून आणला होता, त्यामुळं जरा फुटला होता. तुझ्या लेकीनं, प्रेरणानं घरातले सगळे फोटो धुंडाळले, पण तुझा एकटीचा एकही मिळाला नाही म्हणे. कुठं तू कुणाला वाढतेस, कुठं कुणाचं लेकरू धरलंस, कुठं कडेला अर्धी कापली गेलीस. ओळखपत्रावर मात्र दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

वंदना झाली. भंतेजी बोलले, नातेवाईक बोलले. मग टीव्ही सेंटरकडच्या विहारातल्या दोन बाया उठल्या. तुझ्यासाठीच आल्या होत्या बिचाऱ्या, मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यातली मोठी म्हणाली, "नंदाताई आमच्या रविवारच्या वर्गाला आल्या होत्या. दोन-तीनदाच आल्या, मग काय त्यांचं येणं झालं नाही. पण हसतमुख बाई."

तिचं पुढचं कुणी ऐकलं नाही. तुझ्या नवऱ्यानं, अशोकभाऊंनी मान वर केली. प्रेरणानं माझ्याकडं पाहिलं. घरातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, तू दर रविवारी दुपारी त्या वर्गाला जातेस. दोन वर्षं जात होतीस. सायंकाळी परत येऊन स्वयंपाकाला लागत होतीस. आणि आज कळत होतं की तू तिथं नव्हतीस.

तुझ्या मोठ्या नणंदेला धीर धरवला नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मग रविवारी जायची कुठं?"

त्या एका वाक्यानं खोलीतली हवा बदलली बघ. आतापर्यंत तुझ्यासाठी डोळे पुसणाऱ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मेलेल्या बाईबद्दल कुणी वाईट बोलत नाही, पण न बोलता बघता येतं. मला ते सहन झालं नाही. मी उठून उभी राहिले.

पण ते सांगण्याआधी मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. ते बोलणं राहूनच गेलं.

चितेगावच्या त्या गोळ्यांच्या कंपनीत आपण एका लाइनवर किती वर्षं उभ्या राहिलो. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, अंगात तो पांढरा झगा, समोरून पट्ट्यावर सरकत येणारी पाकिटं. मी आधीची, तू नंतर आलीस, आणि थोड्याच दिवसांत आमची पुढारी झालीस. पायात गोळे यायचे तेव्हा आम्ही बाया घरी जाऊन गरम पाण्यात पाय बुडवायचो. तू मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालीस, "साहेब, तुम्ही एक दिवस उभ्यानं जेवून बघा." आम्हाला स्टूल मिळाले. त्या दिवशी बसमध्ये तू साहेबांची अशी नक्कल केलीस की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, हसू आवरेना त्याला.

बसमध्ये तुझ्या मांडीवर नेहमी काहीतरी असायचं. मेथीची जुडी, शेंगा, नाहीतर कुणाच्या तरी ब्लाउजला लावायचे हुक. मी खिडकीला डोकं टेकून डुलकी घ्यायचे आणि तू म्हणायचीस, "झोप बाई, तुला बरं जमतं." माझं घर हर्सूलला, सगळ्यात लांब. कंपनीची बस मला सगळ्यात आधी घ्यायची आणि सगळ्यात शेवटी सोडायची. झोपायला वेळच वेळ.

मी धनगराची लेक. लहानपणी बाप मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला, धरणाच्या कडंनं हिंडायचा. तो म्हणायचा, कळप बसल्याबिगर राखणारानं बसू नये. मला ते लई थोर वाटायचं. तुझ्याकडं बघून कळलं की कळप कधी बसतच नाही. सासूच्या पायाची जखम, तिची साखर, रोजचं ड्रेसिंग. अशोकभाऊंच्या दुकानाचा डबा वेगळ्या वेळेला, प्रेरणाचा वेगळ्या. पहाटेचं पाणी भरायचं, कारण आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. आणि वर कंपनी. हे सगळं सगळ्याच बाया करतात, तूच म्हणायचीस. "मी काय जगावेगळं करते का सिंधे?"

पहिल्यांदा तू माझ्याकडं आलीस ती चुकून. विहारातल्या वर्गाला निघाली होतीस, पण वर्गात भिंतीला टेकलीस की डोळा लागतोय आणि बायांसमोर लाज वाटते, म्हणून वाटेतून माझ्याकडं वळलीस. आमचे मालक रविवारी वॉचमनच्या ड्युटीला, पोरगा पुण्याला, घरात मी एकटी. तू पलंगावर बसलीस. मी चहा टाकायला आत गेले. आतून तुझ्याशी बोलत होते, तुझ्याकडून हुंकार येईना म्हणून बाहेर येऊन पाहिलं तर तू आडवी. पायात चप्पल तशीच. मी चप्पल काढली तरी तुला जाग आली नाही.

अजान झाली, पलीकडच्या पोरांचा क्रिकेटचा दंगा सुरू झाला, मग तू धडपडून उठलीस. अशी घाबरलेली की जणू बस चुकली. "किती वाजले? कुणी हाक मारली का?"

"कोण मारंल? मी एकटी हाये."

तू डोळे चोळत घराकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, "सिंधे, तुझ्या घरात कुणी हाकच मारत नाय गं."

पुढच्या रविवारी तू आलीस. त्याच्या पुढच्याही. चहासुद्धा नको म्हणायचीस, आधी झोप. मी दार लोटून घ्यायचे आणि बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे, कुणी यायला नको म्हणून. माझ्या जन्मात मी कुणाची राखण इतक्या मनापासून केली नसेल.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, घरी सरळ सांग. अशोकभाऊ मारके नाहीत, दारू पीत नाहीत, सासू तोंडानं फटकळ असली तरी पोटात वाईट नाही. तू म्हणायचीस, "काय सांगू? झोपायला जाते म्हणून?"

"थकले म्हणून सांग."

"थकले म्हणलं की हे दवाखान्यात नेतेत. त्यासाठी दुकान बंद ठेवतेत. दुकान बंद दिसलं की म्हातारी रडती, माझ्या पायानंच घर बसलं म्हणून. मग तिला समजावायचं कुणी? मीच. त्याच्यापेक्षा वर्गाला जाते म्हणलेलं बरं."

"धम्माच्या नावानं खोटं बोलतीस?"

तू हसलीस. "चौथं शील मोडतंय, मला काय कळत नाय व्हय? रविवारी मोडते, सोमवारी परत घेते."

मला हसू आलं आणि भांडण तिथंच राहिलं. दर वेळी असंच राहायचं. तू हसवायचीस आणि मी हरायचे.

मागच्या वर्षापासून तुझं बिनसत गेलं. लाइनवर उभी असताना तुझा चेहरा एकदम लाल व्हायचा, टोपीखालून घामाची धार लागायची. अंगातून वाफा निघतात म्हणायचीस. पाळी यायची ती जायचंच नाव घेत नव्हती, बदलायच्या खोलीत तू भिंत धरून उभी राहायचीस. एकदा तू मला सांगितलंस, डाळीत मीठ कमी पडलं असं प्रेरणा म्हणाली म्हणून तू पळी भिंतीवर फेकलीस. आणि मग मोरीत जाऊन रडलीस. "मला काय झालंय सिंधे? मी अशी नव्हते."

मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. माझं सगळं थांबून झालं होतं. मी सांगितलं, हे वय असंच असतं, माझं पण झालं होतं, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या घेतल्या, निघून गेलं. तू म्हणालीस, पिशवीच काढून टाकते, कटकट नको. मी म्हणाले, आधी तपासून घे, काढायची का नाही ते डॉक्टर सांगंल. आपल्याकडं बाया भाजीची पिशवी टाकावी तशी ती पिशवी काढून मोकळ्या होतात.

मग कंपनीत तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण तुझा हात धरून बसल्या. रक्त कमी, बीपी जास्त. जिना चढताना दम लागतो का विचारलं, पाठीत दुखतं का विचारलं. तू म्हणालीस पित्त आहे. त्या म्हणाल्या, "पित्त असेलही. पण बायकांचं हृदयाचं दुखणं कधीकधी असंच येतं, छातीत कळ न येता. ताई, तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आराम करा."

परतीच्या बसमध्ये तू सगळ्यांना विचारत होतीस, "आराम कुठल्या मेडिकलात मिळतो गं? आपल्या कंपनीत तर बनत नाय." सगळी बस हसली. मीही हसले, नंदे. पण त्या दिवशी तुझ्या मांडीवर मेथी नव्हती. तू नुसती बसली होतीस, हात उलटे टाकून.

सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग जाऊ. प्रेरणाला नोकरी लागली, तिचं बस्तान बसू दे. दिवाळी होऊ दे. मी तुझ्यामागं भुणभुण लावली होती आणि तू मला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवायला लागलीस. शेवटी एका रविवारी तू माझ्याकडं आलीस आणि तुला झोपच येईना. आडवी झालीस की दम लागायचा, उठून बसायचीस. मी पाठीशी उशा लावल्या. तू भिंतीला टेकून छताकडं बघत म्हणालीस, "एवढ्या लांब यायचं आणि झोपच नाय. आता कुठं जाऊ?"

मी त्याच वेळी फोन लावला. ओळखीनं हृदयाच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ मिळाली. मी तुझ्यासोबत येणार होते. तू हो म्हणालीस, या वेळी हसण्यावारी नेलं नाहीस.

शनिवार तू पाहिला नाहीस.

त्याआधीच्या एका सकाळी तू बसमध्ये चढलीस तेव्हाच तोंड उतरलेलं होतं. जबडा दुखतोय म्हणालीस, दाढ असंल. पहाटे सोडा घेतला, बरं वाटंना. डबे मात्र सगळे करून आली होतीस. मी म्हणाले, पैठण रोडला लागायच्या आत उतरू, दवाखान्यात जाऊ. तू माझा हात दाबलास, "गेटवर उतरू आणि मग बघू. हजेरी लागू दे." गेटच्या आत पायरीवर बसलीस ती उठली नाहीस. कंपनीची गाडी आली, मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. घामानं तुझे केस ओले. मी फोन काढला तर तू डोळे उघडलेस.

"घरी नको सांगू. म्हातारी घाबरंल."

तुझं शेवटचं बोलणं ते. मी फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी पळापळ केली, त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही. अशोकभाऊ दुकानातले तेलकट हात तसेच घेऊन आले, आणि ते येईपर्यंत झालं होतं.

तर कार्यक्रमाच्या त्या दिवशी मी उभी राहिले. मी म्हणाले, "रविवारी नंदा माझ्याकडं यायची. हर्सूलला."

नणंद म्हणाली, "कशाला?"

"झोपायला."

कुणीतरी हसलं. खोटं वाटलं असेल. मी परत म्हणाले, झोपायला यायची, दुपारची, दुसरं काही नाही. दार लोटून मी बाहेर बसायचे. अशोकभाऊंचा चेहरा मला बघवेना. ते म्हणाले, "ताई, घरात पलंग नव्हता का?"

मला उत्तर द्यायचं होतं. दोन वर्षं साठवलेलं होतं सगळं. पण तुझा नवरा असा बसला होता, की त्याला ते देऊन मला काय मिळणार होतं? मी खाली बसले.

तेव्हा कोपऱ्यातून तुझ्या सासूबाई बोलल्या. पाय पुढं पसरून बसल्या होत्या, पट्टी आता प्रेरणा बांधते. त्या कुणाकडं न बघता म्हणाल्या, "मी बी झोपायची."

सगळे त्यांच्याकडं वळले.

"ह्याचा बाप होता तव्हाची गोष्ट. सरपणाला जाते म्हणायची अन् नाल्याच्या कडंला लिंबाखाली झोपायची. सरपण आदल्या दिवशीच तोडून ठिवायची, दडवून. सासू म्हणायची, एवढा उशीर का गं? म्हणायची, लांब जावं लागतंय." मग त्यांचा आवाज फाटला. "मला सांगायचं व्हतं तिनं. मला कळलं असतं."

नंदे, मला माहीत नाही. खरंच कळलं असतं का? का तू गेलीस म्हणून आता कळलं? आपलं भांडण मी जिंकले असं त्या क्षणी वाटलं होतं. घरी सांग म्हणत होते ना मी? पण रात्री वाटलं, त्यांनी तरी त्यांच्या सासूला कुठं सांगितलं होतं? आणि तू रोज त्यांची जखम धुवायचीस, त्यांनी तुझ्या डोळ्यांत झोप पाहिली नसेल? स्वतः नाल्याकाठी झोपलेल्या बाईला ती ओळखू यायला हवी होती. मी त्यांच्यावर चिडते, मग त्यांचा तो पाय आठवतो आणि चिडणं थांबतं. मग तुझ्यावर चिडते. एक शनिवार आधी काढला असतास तर काय झालं असतं? त्याचं उत्तर कुणाकडंच नाही, डॉक्टरांकडंही नाही. मी विचारलं.

तुझ्यासाठी घेतलेल्या वेळेला मी गेले. तिथं बसलेल्या मुलीला सांगितलं, जिच्या नावानं वेळ होती ती येऊ शकत नाही, मला तपासा. छातीला तारा लावून मी पडले होते आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. बाई म्हणाल्या, रडू नका, पट्टी नीट येत नाही. माझं ठीक निघालं. बीपीची गोळी चालू केली आहे. लाइनवरच्या तिघी आता जाऊन आल्या, एकीचं वेळेत सापडलं. हे तुझ्यामुळं झालं असं सगळ्या म्हणतात. मला ते ऐकवत नाही. कुणाला शहाणपण यावं म्हणून तू जावंस, हा सौदा मी मान्य केलेला नाही.

तरी एक सांगते. तू माझ्या घरात झोपलीस, ते तू मला दिलेलं देणं वाटतं. एवढी माणसं ओळखीची असताना तू डोळे मिटायला माझं घर निवडलंस. माझ्या या दोन खोल्यांना त्याआधी कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

मागच्या रविवारी दुपारी दार वाजलं. अशोकभाऊ होते, एकटेच. आत या म्हटलं तर आले, पण पलंगाकडं न बघता खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. दुकानाचं बोलले, प्रेरणाचं बोलले, ती हल्ली पहाटे पाणी भरायला उठते आणि ते तिला भरू देत नाहीत, असं काहीतरी. मी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, ती इथं घोरायची का?"

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण त्यांचे डोळे तसे नव्हते.

"लई घोरायची, भाऊ," मी म्हणाले. "ओट्यापर्यंत आवाज यायचा."

ते उठले. दारात चपला घालताना त्यांना पट्टा सापडेना. खाली वाकूनच म्हणाले, "एवढी वर्षं शेजारी झोपलो. घरी कधीच घोरली नाय."